अजिंठ्याचे वॉर्निश आणि आपल्या ट्रंकेतले कागद



"आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला पिवळा पडला आहे, घडीवर फाटू लागला आहे, लॅमिनेशन करून घेऊ काय?" हा प्रश्न आपल्या घराघरांतून विचारला जातो. कोणापाशी दीक्षेच्या वेळचा फोटो असतो, कोणापाशी 'जनता'चा जुना अंक, तर कोणापाशी वडिलांच्या पलटणीतले डिस्चार्जचे पुस्तक. झेरॉक्सवाल्याकडे उत्तर तयारच असते. पाच मिनिटे थांबा, काचेसारखा करून देतो, म्हणतो. माझे उत्तर 'नको' असे आहे. पण नुसते नको म्हटले तर कोणी ऐकत नाही, आणि कारण कळल्याशिवाय ऐकूही नये. म्हणून आज ते कारण सांगणार आहे. त्यासाठी आधी आपल्याला अजिंठ्याला जावे लागेल, कारण जुनी वस्तू जपण्याच्या शास्त्राने शंभर वर्षांत जो धडा घेतला तो तिथल्या भिंतींवर उघड दिसतो.

अजिंठ्याला आपल्यातले बहुतेक जण सहलीने गेलेले असतात. लेणी पाहून, वंदना घेऊन परत येतात. पण त्या चित्रांच्या मागे भिंत कशी आहे, याचा विचार कोणी करीत नाही. डोंगराचा खडक काळा, कठीण. तो छिन्नीने मुद्दाम खडबडीत ठेवलेला. त्यावर मातीचा गिलावा, आणि त्या मातीत भाताचे तूस, गवत, वनस्पतींचे तंतू कालवलेले. आपल्या खेड्यातल्या घराच्या भिंतीला लिंपण करतात तसाच प्रकार. त्यावर पातळसा पांढरा थर, आणि तो सुकल्यावर चित्र. रंग म्हणजे गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, आणि पाचव्या शतकातल्या लेण्यांत अफगाणिस्तानातून आलेला लाजवर्द नावाचा निळा दगड कुटून केलेली पूड. हे रंग सरस किंवा डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवून लावलेले आहेत.

युरोपात भित्तिचित्रे काढायची एक रीत आहे. तीत चुना ओला असतानाच रंग लावतात, म्हणजे तो चुन्यात मुरतो आणि भिंतीचाच भाग होतो. तिला फ्रेस्को म्हणतात. अजिंठ्याची चित्रे फ्रेस्को नाहीत. ती सुक्या भिंतीवर आहेत, खाली माती आहे. त्यामुळे त्यांना पाणी सोसत नाही आणि ओढ-ताणही सोसत नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिचा संबंध येणार आहे.

२८ एप्रिल १८१९ या दिवशी जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीच्या निमित्ताने वाघोरा नदीच्या त्या वळणावर आला आणि १० क्रमांकाच्या लेण्यात शिरला. त्याने काय केले? खांबावर एक बोधिसत्त्वाचे चित्र होते, त्यावर आपले नाव आणि तारीख कोरून ठेवली. ते आजही तिथे आहे. त्यानंतर रॉबर्ट गिल १८४४ पासून कित्येक वर्षे तिथे राहून चित्रांच्या नकला करीत होता. त्या नकला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या आणि १८६६ च्या आगीत त्यांतल्या बहुतेक जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. कला शाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ ते १८८५ या काळात पुन्हा नकला केल्या. त्याही लंडनला गेल्या आणि १८८५ साली तिथे लागलेल्या आगीत त्यांतल्या पुष्कळ गेल्या. दोन्ही वेळा पुष्कळसे काम एकाच ठिकाणी ठेवलेले होते. नकला करताना मूळ चित्र धुरकट दिसे, म्हणून नकला करणारे भिंतीवर वॉर्निश फिरवीत. वॉर्निश फिरवले की रंग क्षणभर उजळतो, हे खरेच. आपणही जुन्या फोटोवर ओला बोळा फिरवून पाहतोच की.

आता मुख्य गोष्ट. अजिंठा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम याझदानी हे विद्वान आणि मनापासून काम करणारे गृहस्थ होते. चित्रांचे पोपडे सुटत होते, गिलावा ढासळत होता. म्हणून निजाम सरकारने पैशाकडे न पाहता इटलीहून त्या काळचे नामांकित तज्ज्ञ लोरेन्झो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी यांना बोलावले. १९२० ते १९२२ या काळात त्यांनी तिथे काम केले. सुटलेल्या गिलाव्याच्या कडा पक्क्या केल्या. ते काम उपयोगाचे ठरले, हेही सांगितले पाहिजे. आणि मग चित्रे टिकावीत, चकचकीत दिसावीत म्हणून त्यांनी त्यांवर चपडा लाखेचे वॉर्निश दिले. आपले सुतार बांधव दरवाजाला, खाटेला जे स्पिरिट-पॉलिश करतात, तीच ही लाख. (ज्या १९२० सालच्या जानेवारीत बाबासाहेबांचा 'मूकनायक' निघाला, त्याच साली अजिंठ्याच्या भिंतींवर लाख चढू लागली. दोन्हींचा पुढे काय संबंध, तो खाली येईल.)

लाखेचा स्वभाव असा की ती ताजी असताना स्पिरिटमध्ये सहज विरघळते आणि सोनेरी दिसते. पण वर्षे गेली की तिचे कण एकमेकांत गुंतत जातात. ती तपकिरी होते, आकसते, आणि मग स्पिरिटलाही दाद देत नाही. अजिंठ्यात नेमके हेच झाले. चित्रे पिवळी, मग तपकिरी, मग काही ठिकाणी काळी पडली. त्या थरावर धूळ, वटवाघळांची घाण, काजळी बसत गेली. आकसणारी लाख खालच्या रंगाला ओढू लागली, आणि खाली तर दगड नव्हे, माती. पोपडा निघाला की लाख, रंग आणि मातीचा तुकडा असे सगळे मिळूनच खाली पडे. शिवाय पावसाळ्यात डोंगरातून भिंतीत ओल येते. तिला बाहेर पडायला जी वाट लागते, तीही त्या थराने अडवली.

यात कोणाची खोड काढायची नाही. ते लोक त्या काळचे उत्तम जाणकार होते, आणि त्या काळचा उत्तम माल त्यांनी वापरला. नंतर लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे आली. आपल्या खात्याच्या रसायनतज्ज्ञांनी वॉर्निश काढण्याचे काम पुष्कळ केले, पण रंग पक्का राहावा म्हणून त्यांनीही पुढे अनेक वर्षे एक नवे कृत्रिम द्रव्य, पॉलिव्हिनाइल अॅसिटेट, लावले. त्यावरही धूळ बसली. म्हणजे एकाचे संरक्षण ते दुसऱ्याचे काम होऊन बसले.

गेल्या पंचवीस वर्षांत सर्वेक्षणाच्या विज्ञान शाखेचे राजदेव सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९ आणि १० क्रमांकाच्या लेण्यांत जे केले ते मुद्दाम समजून घेण्यासारखे आहे. ही दोन लेणी सर्वांत जुनी. इथली मूळ चित्रे इ.स. पूर्वीच्या काळातली, म्हणजे दोन हजार वर्षांहून जुनी. १० क्रमांकात बोधिवृक्षाची पूजा करायला निघालेला राजा आणि त्याचा परिवार आहे, सहा सुळ्यांच्या हत्तीचे छद्दंत जातक आहे, आंधळ्या आईबापांची सेवा करणाऱ्या सामाचे जातक आहे. हे सगळे लाख आणि काजळीच्या खाली इतके बुडाले होते की पाहणारा समोरून निघून जाई. ते उघडे करायचे, पण खालचा रंग हलता कामा नये.

असे काम इंचाइंचाने होते. आधी कुठल्या तरी कोपऱ्यात बोटभर जागेवर चाचणी. थोडे द्रावण कापसाच्या बोळ्यावर घेऊन अलगद फिरवायचे आणि बोळा उजेडात धरून पाहायचा. बोळ्यावर तपकिरी आले तर लाख निघते आहे, पुढे चला. लाल किंवा हिरवे आले तर थांबा, चित्रच निघते आहे. नुसत्या पाण्याने करायची सोय नाही, कारण खाली माती. चित्राच्या एका भागाला जे द्रावण चालते ते शेजारच्या भागाला चालतेच असे नाही. एवढ्या सावकाशीने काम झाल्यावर १० क्रमांकाच्या भिंतीवर पुन्हा माणसांचे चेहरे, हत्ती, झाडे वर आली. आमच्या वडीलधाऱ्यांनी जे पाहिले नाही ते आपली मुले पाहू शकतात. पण जिथे लाखेने पोपडाच ओढून नेला तिथे उघडे करायला काही उरलेले नाही, उघडी मातीच दिसते.

टोकियोच्या राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संशोधन संस्थेनेही सर्वेक्षणाबरोबर २ क्रमांकाच्या लेण्यातील भित्तिचित्रांची अतिशय बारीक छायाचित्र-नोंद केली आहे. हे छायाचित्र शोभेसाठी नव्हे. आज भिंतीला केसाएवढी चीर आहे, ती दहा वर्षांनी किती वाढली, हे त्या नोंदीशी ताडून कळते. पूर्वी दुरुस्ती आधी होई आणि पाहणी मागाहून. आता पाहणीलाच निम्मे काम समजतात.

एक आनंदाची गोष्ट आपल्या विद्यापीठाची. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागातील मिलिंद सरदेसाई आणि राजदेव सिंग या दोघांनी वेरूळच्या लेण्यांतील मातीचा गिलावा सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. २०१६ साली त्यांचा निबंध 'करंट सायन्स' या नियतकालिकात आला. वेरूळच्या गिलाव्यात त्यांना भांगेच्या झाडाचे तुकडे आणि तंतू सापडले. भांगेचा तंतू चिवट असतो, ओल धरतो आणि सोडतो, आणि त्या झाडाजवळ कीड फिरकत नाही. अजिंठ्याच्या गिलाव्यात भांग नाही. तिथल्या मातीतले तूस आणि गवत किड्यांनी पुष्कळ ठिकाणी पोखरले आहे. वेरूळला तसा उपद्रव दिसत नाही. अजिंठ्याला जे साधले नाही ते वेरूळच्या गवंड्यांना कसे सुचले, हे कोणत्याही ग्रंथात लिहिलेले नाही. हे ज्ञान गिलावा मळणाऱ्या हातांचे होते. त्या हातांची नावे कोणी लिहिली नाहीत, पण त्यांची माती सूक्ष्मदर्शकाखाली बोलली.

तर अजिंठ्यापासून आणि जगभरच्या अशाच अनुभवांतून या शास्त्राने जो नियम काढला तो असा: वस्तूला जे काही लावाल ते पुढच्या माणसाला काढता आले पाहिजे. अलीकडचे अभ्यासक याहून सावध बोलतात. ते म्हणतात, पूर्णपणे परत काढता येण्यासारखे असे काहीच नसते, म्हणून शक्य तितके कमी करा, आणि पुढच्याचा हात अडेल असे काही करू नका. आज जे द्रव्य उत्तम वाटते ते शंभर वर्षांनी कसे वागेल, हे आपल्याला आज दिसत नाही.

आता कागदाकडे येऊ. 'मूकनायक', १९२७ चा 'बहिष्कृत भारत', १९३० चा 'जनता', सभांची हस्तपत्रके, वर्गणीच्या पावत्या, हे सगळे छापले गेले स्वस्त कागदावर. चांगला कागद परवडत नव्हता. स्वस्त कागद लाकडाच्या लगद्याचा. त्यात लाकडातले लिग्निन राहते, ते उजेडाने पिवळे पडते. शाई फुटू नये म्हणून कागदात तुरटी घालत, तिच्यापासून हळूहळू आम्ल तयार होते आणि ते कागदाचे धागे आतून तोडते. जुन्या पुस्तकाला जो गोडसर-आंबूस वास येतो, तो या मोडतोडीचाच वास. २००९ साली लंडनमधील संशोधकांनी या वासातले घटक मोजून, पान न फाडता, कागदाची प्रकृती ओळखण्याची रीत दाखवली. वैद्याने नाडी पाहावी तसा हा प्रकार.

लॅमिनेशनची कल्पना झेरॉक्सवाल्याची नव्हे. अमेरिकेत व्हर्जिनियाचे विल्यम बॅरो यांनी १९३० नंतरच्या वर्षांत सेल्युलोज अॅसिटेटच्या पातळ पापुद्र्यांमध्ये कागद घालून उष्णतेने दाबण्याचे यंत्र चालवले. मोठमोठ्या दप्तरखान्यांनी आपले मोलाचे कागद त्यातून काढले. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात तर यंत्राशिवाय, अॅसिटोनचा बोळा फिरवून हाताने हेच काम करण्याची पद्धत शोधली गेली आणि ती जगात भारतीय पद्धत म्हणून ओळखली गेली. पुढे काय झाले? कागदातले आम्ल आतच कोंडले गेले. आणि तो पापुद्राही कालांतराने मोडून त्यातून व्हिनेगारसारख्या वासाचे आम्ल सुटू लागले. बॅरो यांच्याच लक्षात आले की आधी आम्ल काढून टाकले पाहिजे. आज परदेशातले कितीतरी अभ्यासक हे जुने पापुद्रे कागदापासून सुखरूप सोडवायचे कसे, यावरच काम करीत आहेत. अजिंठ्याची लाख आणि हा पापुद्रा, दोघांची कथा एकच.

आणि ते तरी अॅसिटोनमध्ये सुटणारे पापुद्रे होते. रस्त्यावरच्या लॅमिनेशनमध्ये प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूचा चिकट थर गरम रुळांखाली वितळून कागदाच्या धाग्यांत शिरतो. तो घरी काय, प्रयोगशाळेतही कागदाला इजा न करता काढणे फार अवघड. फोटोचे तर विचारू नका. जुन्या फोटोवरचा थर जिलेटिनचा असतो, उष्णतेने तो मऊ होतो आणि प्लॅस्टिकला चिकटून बसतो. व्यवहाराची अडचणही आहे. दाखल्याच्या मागे शिक्का मारायचा झाला, साक्षांकन करायचे झाले, मूळ कागद हाताळून तपासायचा झाला तर अधिकारी प्लॅस्टिकवर काय करणार?

चिकटपट्टीचेही तेच. मृत समुद्राजवळच्या गुहांत १९४७ पासून दोन हजार वर्षांपूर्वीच्या चामड्यावरच्या पोथ्या सापडल्या. १९५० नंतर त्यांचे हजारो तुकडे जुळवताना विद्वानांनी चक्क चिकटपट्टी वापरली. तिचा डिंक चामड्यात मुरला, तुकडे काळे पडले. १९९१ साली जेरुसलेममध्ये प्रयोगशाळा उघडली, तेव्हापासून ती पट्टी आणि तिचे डाग काढण्याचे काम चालू आहे. एवढ्या मोलाच्या पोथ्यांचे असे झाले, तर आपल्या दाखल्याच्या घडीवरची पिवळी पट्टी काय करीत असेल?

आपल्या बाबतीत हा नुसता हौसेचा प्रश्न नाही. मुलाच्या जात पडताळणीला अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा विचारतात. तो पुरावा म्हणजे बहुधा पणजोबा-आजोबांचा शाळेचा दाखला, जन्म-मृत्यूच्या नोंदीची जुनी नक्कल, वतनाचा एखादा कागद. गावची शाळा पडली, दप्तर वाळवीने खाल्ले, तर घरातला कागद तेवढाच उरतो. आपल्या चळवळीचा इतिहासही असाच ट्रंकांतून राहिला. खुद्द बाबासाहेबांचे अप्रकाशित लिखाण त्यांच्या परिनिर्वाणानंतर कित्येक वर्षे खोक्यांत पडून होते. वसंत मून यांच्यासारख्यांनी ते कागद हाताळले, लावले, तेव्हा १९७९ साली महाराष्ट्र शासनाचा पहिला खंड निघाला. मक्रणपूरला, महाडला, येवल्याला गेलेल्या साध्या माणसांच्या ट्रंका मात्र कोणी उघडून पाहिलेल्या नाहीत.

मग करायचे काय? भगिनींनो, हे काम बहुतेक घरी तुमच्याच हाताने होणार आहे, म्हणून थोडे तपशिलाने सांगते तसे सांगतो.

कागद उघडा, सपाट करा, घडी मोडा. जुनी टाचणी, क्लिप काढा, तिचा गंज कागदाला भोक पाडतो. स्टेशनरीच्या दुकानात पॉलिएस्टरचे स्वच्छ, पारदर्शक पाकीट मिळाले तर दाखला त्यात नुसता ठेवा. कडा मोकळ्या राहू द्या. कागद सुटा असतो, हाच लॅमिनेशनशी फरक. नव्या प्लॅस्टिकला उग्र वास येत असेल तर ते घेऊ नका. पाकीट नच मिळाले तर आपला जुना उपाय उत्तम: धुतलेले पांढरे सुती कापड, खळ आणि नीळ न लावलेले. पुण्याच्या पेशवे दप्तरात कागदांच्या गठ्ठ्यांना रुमाल म्हणतात ते उगाच नव्हे. फाटलेल्या जागी चिकटपट्टी किंवा पांढरा डिंक लावू नका. संवर्धन करणारे लोक गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ आणि तलम जपानी कागद वापरतात, कारण पाण्याचा हात लावला की ती सुटते. आपल्याकडे तसा कागद नसेल तर फाटलेले तसेच राहू द्या. सुटे दोन तुकडे एका पाकिटात राहिले तरी कागद जिवंत असतो.

जागा महत्त्वाची. बाहेरच्या, पावसाचा मारा खाणाऱ्या भिंतीला लागून काही ठेवू नका. हवेतली ओल पासष्ट टक्क्यांच्या वर फार दिवस राहिली की बुरशी धरते, आणि कोकणात, मुंबईत चार महिने ती असतेच. म्हणून पावसाळ्यात पेटी जमिनीवर न ठेवता पाटावर ठेवा, आणि कोरड्या दिवशी उघडून पाहा. प्लायवूडच्या नव्या कपाटापेक्षा लोखंडी पेटी बरी, कारण नव्या लाकडातून आम्लाची वाफ सुटते. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये १९७३ पासून काचेच्या नळीत शिसे, तांबे, चांदीचे तुकडे ठेवून हीच परीक्षा करतात. ज्या लाकडाने तुकडे गंजतात ते लाकूड वस्तूंच्या कपाटाला वापरीत नाहीत.

महार पलटणीत गेलेल्यांच्या घरी पदके असतात. ती दर जयंतीला चिंच-राखेने घासू नका. घासाघाशीने त्यावरचे नाव आणि क्रमांक झिजतात. रबरबँड आणि लोकरीचे कापड त्यांच्याजवळ ठेवू नका, त्यातल्या गंधकाने चांदी काळवंडते.

घरातला मूळ फोटो वंदनेच्या जागी लावलेला असतो. समोर मेणबत्ती, उदबत्ती. तिची काजळी फ्रेमच्या फटीतून आत जाते, आणि ओलीने फोटो काचेला चिकटला की तो काचेसकटच राहतो. वंदनेच्या जागी चांगली नक्कल लावा, मूळ फोटो पाकिटात ठेवा. अल्बमची चिकट पाने नकोत. नक्कल कशी करावी, हे आता सांगायला नको, मुलांच्या मोबाइलवर होते. खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न लावता, कागद सपाट ठेवून. मात्र ती एकाच मोबाइलमध्ये राहू देऊ नका. गिल आणि ग्रिफिथ्सच्या नकला आठवा. एक प्रत घरी, एक लेकीच्या सासरी, एक परगावच्या भावाकडे.

पुराच्या पाण्याने कागद भिजले तर उन्हात टाकू नका, ते आकसून कडक होतात. टिपकागद किंवा न छापलेला कोरा कागद मध्ये घालून, पंख्याखाली, पुन्हा पुन्हा बदलत वाळवा. फार कागद असतील आणि हात कमी पडत असतील तर पिशवीत बांधून शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवा. गोठलेल्या कागदावर बुरशी चढत नाही, तेवढा वेळ मिळतो. एकमेकांना चिकटलेले ओले फोटो ओढू नका, स्वच्छ थंड पाण्यात ठेवले की एक-दोन दिवसांत बहुधा सुटतात.

ज्याला आपल्या हाताने होण्यासारखे नाही असे वाटते, एखादा अंक हात लावताच भुगा होतो, किंवा भित्तिपत्रक, झेंडा, वस्त्र असे काही आहे, त्याने तज्ज्ञाला दाखवावे. मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे कला संवर्धन केंद्र आहे, लखनौला केंद्र सरकारची राष्ट्रीय संवर्धन प्रयोगशाळा आहे. लोखंडी कपाटात ठेवून, वाट पाहूनही चालते. बिघडवण्यापेक्षा थांबणे केव्हाही बरे.

राहिली एक गोष्ट, आणि तिला पैसा लागत नाही. फोटोत कोण आहेत ते अजून सांगू शकणारी आजी घरात असेल तर या रविवारी तिच्याजवळ बसा. मऊ शिशाची पेन्सिल घ्या, बॉलपेन नको, त्याची शाई पुढच्या बाजूला उमटते. फोटो काचेवर पालथा ठेवून, मागे कडेला, हात हलका ठेवून लिहा: नाव, गाव, साल, आणि डावीकडून कितवा.